औषधदान आणि शास्त्रदान

कारंज्याचे नाव काढले की लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक, श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. दुसरी, आमच्या वयाच्या मंडळींना, ती मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला गाडी, जी आता बंद पडली आहे. तिसरी गोष्ट गावातलेही फारसे कुणी सांगत नाही. ती म्हणजे पोथ्या.

कारंज्यात दिगंबर जैनांची तीन जुनी मंदिरे आहेत: बलात्कारगणाचे, सेनगणाचे आणि काष्ठासंघाचे. या तिन्ही परंपरांच्या भट्टारकांच्या गाद्या इथे होत्या आणि गादीबरोबर ग्रंथभांडारही असे. पोथ्या कापडी वेष्टनात गुंडाळायच्या, वेष्टने पेटीत किंवा कपाटात ठेवायची, आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, म्हणजे श्रुतपंचमीला, बाहेर काढून झाडपूस करून पूजा करायची. वाळवी, कसर आणि दमट हवा यांच्यापासून पोथी वाचली ती बरीचशी या एका सणामुळे, असे माझे मत आहे. धर्माने सांगितले म्हणून का होईना, वर्षातून एकदा कुणीतरी ती हातात घेत होते!

जैनांमध्ये चार दाने सांगितली आहेत. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. शास्त्रदान म्हणजे एखाद्या ग्रंथाची नक्कल करवून घ्यायची आणि ती मुनींना किंवा मंदिराला द्यायची. कितीतरी पोथ्यांच्या शेवटी ती कुणी लिहवून घेतली त्याची प्रशस्ती असते. आजच्या लेखाचा विषय जरा वेगळाच आहे, पण औषधदान आणि शास्त्रदान शेजारी शेजारी बसलेली आहेत हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

आता मुद्दा असा की पोथ्या होत्या, जपलेल्या होत्या, पण जगाच्या दृष्टीने नव्हत्या. पुण्याच्या किंवा काशीच्या विद्वानाला कारंज्याच्या पेटीत काय आहे हे कळणार कसे? ते कळले यादीमुळे. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातील संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांची सूची तयार केली, ती १९२६ साली नागपूरहून प्रसिद्ध झाली. हे रायबहादूर म्हणजे रसेलसाहेबांबरोबर मध्यप्रांतातील जातीजमातींवरचा मोठा ग्रंथ लिहिणारे, कटनीचे. दुसरे हिरालाल म्हणजे प्रा. हिरालाल जैन, अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक. (दोन हिरालालांचा घोटाळा भल्याभल्यांचा होतो, म्हणून मुद्दाम सांगितले.) प्राध्यापक हिरालालांनी कारंज्याची भांडारे तपासली आणि त्यांतून अपभ्रंश भाषेतले ग्रंथ पुढे आले. १९३१ मध्ये पुष्पदंत कवीचे 'जसहरचरिउ' कारंजा जैन ग्रंथमालेत छापून निघाले, डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केलेले. पुष्पदंत हा दहाव्या शतकातला, राष्ट्रकूटांच्या मान्यखेटातला. आपल्या मराठीच्या घडणीचा अभ्यास करणाऱ्याला अपभ्रंश टाळून पुढे जाता येत नाही, आणि त्या भाषेचा एवढा ऐवज आमच्या गावात वेष्टनात बांधून ठेवलेला होता.

तर, ग्रंथ असणे आणि ग्रंथ सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे एक माणूस लागतो.

हे सगळे आठवायचे कारण माझी एक जुनी विद्यार्थिनी. ती एका वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. दिवाळीला भेटायला आली तेव्हा सहज म्हणाली, "सर, लोकांना वाटते मी पुस्तकांवर शिक्के मारते." आमच्याकडे शाळेत ग्रंथालयाचे कपाट ज्याच्या गळ्यात पडे त्याच्याबद्दल हेच मत असायचे. ते कपाट अनेक वर्षे माझ्याकडे होते, त्यामुळे मला हसू आले. मग तिने तासभर जे सांगितले ते ऐकून मी थोडे वाचन केले. त्यातले काही इथे मांडतो.

वैद्यकाच्या ग्रंथालयाची आधुनिक गोष्ट सुरू होते ती जॉन शॉ बिलिंग्ज या अमेरिकन लष्करी डॉक्टरापासून. विद्यार्थी असताना त्याला प्रबंध लिहायचा होता, अपस्मारावर म्हणजे फेफऱ्यावर शस्त्रक्रिया केल्यास काय होते, या विषयावर. आजवर अशा किती शस्त्रक्रिया झाल्या, किती रोगी जगले, हे शोधता शोधता त्याचे महिनेच्या महिने गेले. एकाही ग्रंथालयात सगळे मिळेना, आणि कुठल्या मासिकात काय छापले आहे याची यादीही मिळेना. पुढे अमेरिकेतले यादवी युद्ध झाले, तो त्यात सर्जन होता. १८६५ नंतर वॉशिंग्टनच्या सर्जन जनरल कार्यालयातले छोटेसे ग्रंथालय त्याच्या ताब्यात आले. त्याने ते वाढवले, आणि १८७९ मध्ये रॉबर्ट फ्लेचर यांच्यासह 'इंडेक्स मेडिकस' सुरू केले. जगभरच्या वैद्यकीय मासिकांत आलेल्या लेखांची ही विषयवार सूची. ती छापील रूपात थेट २००४ पर्यंत निघत राहिली. १९६४ मध्ये ती संगणकावर गेली, १९७१ मध्ये दूरध्वनीच्या तारेवरून शोधता येऊ लागली, आणि १९९७ मध्ये 'पबमेड' या नावाने सगळ्या जगाला फुकट खुली झाली. आज तालुक्याच्या डॉक्टरच्या खिशातल्या फोनवर जे उघडते ते बिलिंग्जच्या त्या चिडचिडीचे पणतवंड आहे.

(जनगणनेची माहिती कार्डाला भोके पाडून यंत्राने मोजता येईल, ही कल्पना हर्मन हॉलेरिथला सुचवणाराही हाच बिलिंग्ज. म्हणजे संगणकाच्या कुळकथेतही एक ग्रंथपाल सापडतो.)

पण नुसती यादी करून भागत नाही. एकाच आजाराला नावे किती! आपल्याकडेच पाहा. कुणी 'फेफरे' म्हणतो, कुणी 'मिरगी', कुणी 'आकडी', वैद्य 'अपस्मार' म्हणतात. यादीत चार ठिकाणी चार नावांनी नोंद झाली तर शोधणाऱ्याला एक चतुर्थांशच हाती लागणार. म्हणून वॉशिंग्टनच्या त्या ग्रंथालयाने १९६० मध्ये वैद्यकीय विषयांची ठरावीक शब्दसूची केली. लेखकाने कोणताही शब्द वापरो, वाचून पाहणारा माणूस त्याला ठरलेल्या शब्दाखाली बसवत असे. माझी विद्यार्थिनी सांगते की तरुण डॉक्टर मनाला येईल तो शब्द टाकतात, दहा हजार लेख समोर येतात, आणि पहिले पाच वाचून ते मोकळे होतात. तिचे खरे काम तिथे सुरू होते. प्रश्न नीट विचारायला लावणे. रोगी कोणत्या वयाचा? तुलना कोणत्या औषधाशी? तुम्हाला बरे होण्याबद्दल हवे आहे की दुष्परिणामांबद्दल? शिक्षकाला हे ओळखीचे वाटावे. फळ्यासमोर उभ्या असलेल्या मुलाचेही उत्तर बरेचदा चुकत नाही, त्याला प्रश्नच कळलेला नसतो.

आपल्याकडे या बाबतीत एक थोर माणूस होऊन गेला, डॉ. शि. रा. रंगनाथन. मद्रासमध्ये गणिताचे प्राध्यापक होते, १९२४ मध्ये विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. चौथे सूत्र आहे, वाचकाचा वेळ वाचवा. शाळेच्या ग्रंथालयात वेळ वाचला काय आणि न वाचला काय, पोराला सुट्टी संपेपर्यंत गोष्टीचे पुस्तक मिळाले म्हणजे झाले. पण वाचक जेव्हा डॉक्टर असतो आणि वॉर्डात रोगी धापा टाकत असतो, तेव्हा त्या सूत्राला वेगळेच वजन येते. रंगनाथनांच्या वर्गीकरणाचा एक नमुना ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नेहमी शिकवतात. 'फुप्फुसाच्या क्षयावर क्ष-किरणांनी उपचार करण्याबाबत १९५० साली भारतात झालेले संशोधन' एवढा लांबलचक विषय ते एका अंकात बांधतात. एल म्हणजे वैद्यक, ४५ म्हणजे फुप्फुस, ४२१ म्हणजे क्षय, ६ म्हणजे उपचार, २५३ म्हणजे क्ष-किरण, ४४ म्हणजे भारत, आणि शेवटी सालाची खूण. मला तर हे वाचून पाणिनीच्या सूत्रांची आठवण झाली. गणिताच्या मास्तराशिवाय हे कुणाला सुचले नसते.

आता महाराष्ट्रात येऊ. डॉ. हिंमतराव बावस्करांचे नाव बहुतेकांना ठाऊक आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेले. त्यांचे 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मकथन ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. १९७६ मध्ये ते कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचू चावलेली माणसे यायची. अंग गार पडायचे, घाम सुटायचा, आणि मग फुप्फुसात पाणी होऊन माणूस डोळ्यांदेखत जायचा. गंभीर अवस्थेत आलेल्यांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत. पाठ्यपुस्तकांत विंचूदंशावर धड चार ओळी नव्हत्या.

आणि तरी, १९६१ सालच्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुंडले यांचे एक छोटे टिपण छापलेले होते, विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी होण्याबद्दल. म्हणजे बिरवाडीत नवा डॉक्टर येण्याच्या पंधरा वर्षे आधी छापील नोंद होती. पण ती कुठे? मोठ्या शहरांतल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत, बांधीव खंडांच्या रांगेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधांचे कपाट असते, लसींसाठी शीतपेटी असते, पण मासिकांचा खंड तिथे असायचे कारणच नाही. आमच्या कारंज्याच्या वेष्टनातल्या पोथीची आणि या टिपणाची अवस्था मला सारखीच वाटते.

बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या. १९८२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात त्यांचा लेख आला, विंचूदंशात हृदयाचे धोके कोणत्या लक्षणांवरून आधीच ओळखावेत याबद्दल. १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिन या, रक्तदाबासाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या गोळीचा उपयोग त्यांनी मांडला. मृत्यूचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास आले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. खेड्यातले ज्ञान लॅन्सेटमध्ये छापले, म्हणून ते सूचीत चढले. सूचीत चढले, म्हणून जिथे जिथे विंचू आहे तिथल्या डॉक्टरांना ते सापडू शकले. त्या काळी दुसऱ्या गावचा डॉक्टर लेखकाला छापील कार्ड पाठवून लेखाची प्रत मागवायचा, किंवा ग्रंथपालामार्फत दिल्लीच्या इन्सडॉक या संस्थेकडून छायाप्रत मागवायचा. टपालाच्या वेगाने ज्ञान चालायचे. पण चालायचे.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था काढली. खेड्यातल्या बायकांच्या दुखण्यांचा अभ्यास करायचे ठरले तेव्हा आधी जगातले साहित्य धुंडाळले गेले. विकसनशील देशांत, दवाखान्यात आलेल्या नव्हे तर गावात राहणाऱ्या सगळ्या बायकांना तपासून केलेला असा अभ्यास सापडला नाही. मग त्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांना तपासले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि आयुष्यात त्यासाठी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ च्या जानेवारीत हा लेख लॅन्सेटमध्ये आला आणि स्त्रीआरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, या समजुतीला धक्का बसला.

इथे ग्रंथालयाने काय दिले? काहीच नाही, हे उत्तर दिले! आणि तेच मोठे होते. 'आहे' हे एका पुस्तकावरूनही सांगता येते. 'नाही' हे सांगायला सगळ्या जगाची नीट लावलेली यादी लागते. ती नसेल तर 'मला माहीत नाही' आणि 'कुणालाच माहीत नाही' यांतला फरक कधी कळणारच नाही.

मात्र यादीवर आंधळा विश्वासही ठेवता येत नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सची गोष्ट आहे. २००१ मध्ये तिथे दम्याच्या संशोधनात निरोगी स्वयंसेवकांना हेक्सामेथोनियम नावाचे द्रव्य हुंगायला दिले गेले. एलन रोश ही २४ वर्षांची तरुणी त्यांत होती, तिथल्याच दमा-अॅलर्जी केंद्रात तंत्रज्ञ. तिच्या फुप्फुसांवर परिणाम झाला आणि २ जून २००१ रोजी ती गेली. संशोधकाने आधी शोध घेतला नव्हता असे नाही. संगणकीय सूची पाहिली होती, पाठ्यपुस्तके पाहिली होती. पण ती सूची तेव्हा १९६६ पर्यंतच मागे जात होती. या द्रव्याने फुप्फुसांना अपाय होतो असे सांगणारे लेख होते १९५० च्या दशकातले, छापील खंडांत. जुने खंड जिने उतरून काढणारा माणूस त्या वेळी मधे नव्हता. जगभरच्या वैद्यकीय ग्रंथपालांमध्ये या प्रकरणाची फार चर्चा झाली. नंतर जुन्या सूच्याही हळूहळू संगणकावर चढवल्या गेल्या.

हे लिहिताना मला राहवत नाही म्हणून सांगतो. 'आता सगळे नेटवर आहे, ग्रंथपाल कशाला हवा' असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट एकदा वाचावी.

१९७१ मध्ये गर्ट्रूड लॅम्ब या बाईंनी अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या वैद्यकीय विद्यालयात एक धाडस केले. ग्रंथपालाने ग्रंथालयात बसून न राहता डॉक्टरांबरोबर वॉर्डाच्या फेरीत जायचे. खाटेशेजारी जो प्रश्न निघेल तो टिपून घ्यायचा आणि उत्तराचे लेख आणून द्यायचे. आधी डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या असणारच. १९९२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या रुग्णालयांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, २०८ डॉक्टरांचा. ग्रंथालयातून मिळालेल्या माहितीमुळे रोग्याच्या बाबतीत आपण काहीतरी वेगळे केले, असे त्यातल्या ८० टक्क्यांनी सांगितले.

आता आपल्या शेजारी पाहू. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने पडले. वीसहून अधिक दगावले, शेकडो दवाखान्यांत होते. कारंज्याहून दारव्ह्यामार्गे यवतमाळ काही लांब नाही, आमच्याकडेही कपाशी आहे आणि पाठीवर पंप घेणारी तीच माणसे आहेत. फवारणीत दोन-दोन, तीन-तीन औषधे मिसळलेली. सेंद्रिय फॉस्फरसच्या कीटकनाशकाला अॅट्रोपिनचा उतारा चालतो, पण डायफेन्थियुरॉनसारख्या द्रव्याला ठरलेला उताराच नाही. रोगी बेशुद्ध, बरोबरच्यांना डब्याचा रंग तेवढा आठवतो. अशा वेळी डॉक्टरला पुस्तक नको असते, अर्ध्या तासात उत्तर हवे असते. दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे. ते अशाच कामासाठी. फोन करा, काय पोटात गेले ते सांगा, काय करायचे ते विचारा. माझ्या मते तेही ग्रंथपालाचेच काम आहे, फक्त टेबलावर टेलिफोन आहे.

पैशाची बाजूही सांगितली पाहिजे. वैद्यकीय नियतकालिके भयंकर महाग असतात. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गरीब देशांसाठी 'हिनारी' नावाची योजना काढली, त्यांत नियतकालिके फुकट किंवा स्वस्तात मिळत. भारत त्या यादीत बसला नाही, कारण आपण गिऱ्हाईक म्हणून प्रकाशकांना पुरेसे मोठे होतो. रोगी गरीब, पण देश बाजारपेठ! १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना सुरू झाली आहे. ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिके, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये. शासकीय उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यासाठी ती आहे. चांगलेच झाले. पण तालुक्याचे रुग्णालय ही उच्च शिक्षण संस्था नव्हे, आणि बाजारपेठेत दवाखाना टाकलेला डॉक्टर तर नव्हेच नव्हे. बिरवाडीचा आजचा डॉक्टर पबमेडवर लेखाचे नाव वाचेल, सारांश वाचेल, आणि पुष्कळदा पुढच्या पानावर त्याच्याकडे डॉलर मागितले जातील.

माझ्या विद्यार्थिनीला मी विचारले, की तुझ्या कॉलेजबाहेरच्या डॉक्टरांचे फोन येतात का तुला? म्हणाली, येतात. तिच्याकडून शिकून गेलेली मुले आता आरोग्य केंद्रांवर आहेत, ती रात्री-अपरात्री विचारतात. गरोदर बाईला साप चावला आहे, अमुक औषध चालेल का, यावर अलीकडे काही छापून आले आहे का. मी म्हटले, उपचार तू सांगतेस? "नाही सर, मी उपचार सांगतच नाही. मी दोन लेख काढते, कोणता जास्त भरवशाचा ते सांगते, आणि कुठल्या पानावर पाहायचे ते सांगते. बाकी त्यांचे ते बघतात."

हे फोन घेणे तिच्या नोकरीच्या कामात धरले जात नाही. परवाच्या श्रुतपंचमीला पोथ्या बाहेर काढल्या तेव्हा मी तिला फोटो पाठवला. तिचे उलट टपाली उत्तर आले, वेष्टनांवर क्रमांक घातले आहेत का सर?